सात नंबरचे टायर

ह्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोचाही बसत नाही, आणि ती तर माझ्याशी लग्न करून छत्तीस वर्षं टिकलेली बाई आहे, म्हणजे अशक्य गोष्टींची तिला सवय असायला हवी. पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. नव्वद टक्के म्हणा. उरलेले दहा टक्के बर्फाचे, आणि बर्फ कधी कुणाच्या बाजूने साक्षीला उभा राहिलाय?

तर मी शशिधरच्या मोटारीच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसलो होतो आणि टायरच्या रबरावर अंगठ्याचं नख दाबत होतो. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे अकरा, लीड्समधली आमची मूरटाउनची गल्ली. मोसमातला पहिला कडक गारठा पडलेला, सगळ्या मोटारींच्या काचा पांढऱ्या. शशिधर कोटाच्या खिशात हात घालून मागे उभा होता. हा पुण्याचा डॉक्टर. इथल्या मोठ्या इस्पितळात दोन वर्षं काढल्यावर आता त्याला डोंगरापलीकडच्या एका लहान इस्पितळात नोकरी लागली होती. म्हणजे ह्या महिन्यापासून रोज सकाळी पेनाइन्सचा डोंगर ओलांडायचा आणि संध्याकाळी परत ओलांडायचा. विंटरला कुठले टायर घालू, हे विचारायला तो आला होता. त्याच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, आहेत ते चालतील.

"काका, ट्रेड भरपूर आहे. पाच मिलिमीटर. मी स्वतः मेजर केलंय."

मी त्याला म्हटलं, खाच किती खोल आहे ते मोजपट्टी सांगते. रबर कसं आहे ते नख सांगतं. मी पुन्हा दाबलं. टक् असा आवाज आला. गारठ्यात ज्या टायरवर नख वाजतं तो उन्हाळ्याचा टायर. ज्यात नख रुततं आणि वण सावकाश भरून येतो तो हिवाळ्याचा. थंडीत रबराचा दगड झाला की खाच बोटभर खोल असली तरी ती दगडातलीच खाच, बर्फाला तिची फिकीर नाही.

"ही नखाची टेस्ट कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?"

"माझ्या आज्याच्या," मी म्हटलं.

माझा आजा अलिबागेजवळ नागावला तेलाचा घाणा चालवायचा. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. आमच्या लोकांना तिकडे शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या घाण्याचा बैलसुद्धा शुक्रवारी सूर्य कलला की आपणहून जागच्या जागी उभा राहायचा. त्याला पुढे ढकलायला गावात कुणाची छाती नव्हती. तर हा आजा तीळ विकत घेताना दाणा अंगठ्याच्या नखावर धरून दुसऱ्या नखाने चिरडायचा. तेल किती निघेल ते तो एका दाण्यावरून सांगायचा. मी त्याचा नातू. तिळाऐवजी माझ्या नखाखाली रबर आलं, एवढाच फरक.

खिडकी उघडून मझलने, म्हणजे माझ्या बायकोने, आत यायला सांगितलं. नख गोठून गळून पडलं तर पुढच्या खेपेला परीक्षा कशाने घेणार, असंही विचारलं. मग आम्ही आत आलो. सांदणं आणि चहा पुढे आला, शशिधरने बूट काढून पाय हीटरजवळ नेले आणि विचारलं की काका, तुम्ही लॉऱ्यांचं काम सोडलंत का?

मी सांगितलं, मोठ्या चाकांचा कंटाळा आला म्हणून सोडलं. मझल नाकातून एक आवाज काढून स्वयंपाकघरात गेली.

मग मी त्याला सात नंबरची गोष्ट सांगितली. कुठले टायर घालू, ह्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

इस्पितळांच्या चादरी धुणारी एक कंपनी होती. मोठी धुलाई, अंगणात नऊ लॉऱ्या, आणि त्या नऊ लॉऱ्यांच्या टायरांचा मुखत्यार मी. मालक ऑल्ड्रॉइड, थोरला. हा चॅपलमध्ये जाणारा माणूस. कामावर लागताना मी त्याला सांगितलं की शनिवारी मी येणार नाही, त्याऐवजी रविवारी येईन. रविवारी सगळ्या लॉऱ्या उभ्याच असतात, टायरवाल्याला त्यापेक्षा चांगला दिवस नाही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, म्हणजे रविवारचं पाप तुझ्या डोक्यावर आणि शनिवारचं आमच्या, ठरलं. सतरा वर्षं हा करार कागदावाचून चालला.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात थोरला वारला आणि धाकटा ऑल्ड्रॉइड आला. हा कॅटलॉग वाचणारा माणूस. त्याने आल्या आल्या ढीगभर नवे टायर मागवले, लाख मैल चालतील अशा हमीचे. मी एक टायर रात्रभर अंगणात ठेवून सकाळी नख दाबलं. नख वाजलं. लाख मैल चालणारं रबर म्हणजे न झिजणारं रबर, आणि न झिजणारं रबर म्हणजे कडक रबर. त्याला जाऊन सांगितलं की आठ लॉऱ्यांना हे चालतील, त्या शहरात फिरतात. सात नंबरला मागच्या चार चाकांना हे नकोत. सात नंबर डोंगरापलीकडच्या इस्पितळात जाते. वर तिच्यात काय भरलेलं असतं? धुतलेल्या, वाळलेल्या चादरी. कापसाचं ओझं. मागच्या चाकांवर वजनच नाही, मग ती रस्ता धरणार कशाने? विटांची लॉरी वजनावर डोंगर चढते. चादरींच्या लॉरीला रबरावर चढायला लागतं.

"मग चेन्स का नाही लावल्या?" शशिधरने विचारलं.

बरोबर प्रश्न. पण चाकाला गुंडाळलेली साखळी बर्फावर देवमाणूस आणि डांबरावर राक्षस. त्या रस्त्याला अर्धा मैल बर्फ, पुढे मैलभर मीठ टाकलेलं मोकळं डांबर, मग परत बर्फ. दर मैलाला उतरून साखळ्या चढवायच्या आणि काढायच्या तर चादरी पोचेपर्यंत पेशंट बरे होऊन घरी जातील.

धाकट्याने मला विचारलं की मी कुठल्या संशोधनाच्या आधारावर बोलतोय. मी अंगठा वर केला. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय.

टायर मी सातावरही चढवले, कारण त्या वेळी बर्फ नव्हता आणि हुकूम होता. पण मनात एक नोंद करून ठेवली. डोंगरावरच्या गोठ्यांतून दूध गोळा करणारी एक लॉरी होती. तिचा रस्ता तोच, उलट आणखी वरचा. गाय काही बर्फ पडला म्हणून दूध द्यायची थांबत नाही, त्यामुळे ती लॉरी कधीच थांबत नसे. जानेवारीतल्या एका रविवारी मी तिच्या चाकांचे ठसे बर्फात बघितले. मोठे मोठे चौकोनी ठोकळे, मध्ये रुंद मोकळी जागा, आणि ठोकळ्यांवर दाढीच्या पात्याने मारल्यासारख्या बारीक चिरा. लोक रविवारी पेपर वाचतात, मी तो ठसा वाचला.

"ठसे वाचले?"

आता शशिधर पुण्याचा, त्याला काय माहीत. आमच्या कोकणात खंडाळे म्हणून गाव आहे, अलिबागेजवळचं, घाटातलं नव्हे. तिथे खडकावर चाकांच्या खुणा आहेत. आमची माणसं मानतात की एलियाहू हन्नाबी, म्हणजे आमचे नबी, तिथूनच रथात बसून आभाळात गेले आणि जाताना रथाची चाकं खडकावर उमटली. नवस फेडायला आम्ही तिथे मलिदा घेऊन जायचो, पोहे, खोबरं, गूळ, फळं. मोठी माणसं प्रार्थना म्हणायची आणि मी खडकावर पालथा पडून त्या खुणा बघायचो. नबींच्या रथाला गुळगुळीत चाक असतं तर खूण उमटली असती का? खोल खाचांचंच चाक होतं ते. सातव्या वर्षीच माझी खात्री पटली होती.

"मागच्या खेपेला पाचव्या वर्षी पटली होती," मझल दारातून म्हणाली आणि चहाची किटली ठेवून गेली.

तर फेब्रुवारी एक्याण्णव. तो आठवडा इथल्या कुणालाही विचारा. गुरुवारी बर्फ सुरू झाला, पिठासारखा कोरडा. आगगाड्या बंद पडल्या, आणि लोकांना सांगितलं गेलं की ह्या वेळचा बर्फ वेगळ्या जातीचा आहे. देशात जातपात आली ती अशी. शुक्रवारी सकाळी सात नंबर डोंगराकडे निघाली आणि गावाबाहेरच्या पहिल्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. लॉरी आली तशी सलाम करत करत उलटी खाली आली. ड्रायव्हर होता मोहन, साताऱ्याकडचा. बायको नर्स म्हणून इथे आली, तिच्यामागून हा आलेला. तो अंगणात उतरला आणि मला म्हणाला, "झकूभाऊ, मेणाच्या जमिनीवर म्हैस नाचवल्यावानी झालं. मी काय पुन्यांदा जात नाय."

तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला. स्वच्छ चादरी शनिवारी दुपारपर्यंत पुरतील, ऑपरेशनचे झगे तर त्याच्याही आत संपतील. पुढे काय? धाकटा काचेच्या खोलीत बसून फोनवर सगळ्यांना सांगत होता की रस्ते बंद आहेत. रस्ते बंद नव्हते. दुधाची लॉरी सकाळीच वरून खाली आली होती, मी तिचा ओला ठसा गेटसमोर बघितला होता.

मी मोहनला म्हटलं, व्हॅन काढ. गोदामातले चार कोरे करकरीत टायर व्हॅनमध्ये टाकले आणि दूधवाल्यांच्या गॅरेजला गेलो. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता, त्याने आयुष्यभर चाकांशिवाय कशाकडे बघितलं नव्हतं. त्याच्याकडे रिमोल्ड होते. म्हणजे जुन्या टायरचा सांगाडा धड असेल तर त्यावर नवं रबर चढवतात, तसले. हे रबर मुद्दाम बर्फासाठीचं, मऊ. मी नख दाबलं. रुतलं. वण भरायला मी दहा आकडे मोजले.

"मागच्या खेपेला सात मोजले होते," आतून आवाज आला.

दहा. मी म्हाताऱ्याला म्हटलं, माझे चार नवे घे आणि तुझे चार जुने दे. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पन्नास वर्षांच्या नोकरीत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्याला वाटलं असेल की परदेशी माणूस आहे, ह्याला नवं-जुनं कळत नाही. मग त्याने माझ्या नव्या टायरवर स्वतःचं नख दाबलं, हसला, आणि माझ्यासाठी बोटं शेकायला गरम पाण्याची बादली भरून दिली. ह्या कामात तो अख्खा ग्रंथ होता.

परत आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सूर्य पाचला बुडणार. चार चाकं उतरवायची, कडक टायर काढायचे, मऊ चढवायचे, हवा भरायची, घट्ट आवळायचं, आणि पाचाच्या आत हात धुवायचे. शुक्रवारी सूर्य बुडाल्यावर माझ्या हातात पहार दिसली तर आज्याच्या बैलाने वरून शिंग मारलं असतं. साबणाचं पाणी लावावं तर ते गोठायचं. पहारीला हात चिकटायचा. मोहनने मदत केली, म्हणजे शिव्या दिल्या. थंडीत शिव्यांनी फार ऊब येते. एका चाकाच्या वेळी पहार सुटली आणि माझ्या ह्या बोटाच्या सांध्यावर बसली. हे बघ, अजून सरळ होत नाही. ह्यात दहा टक्के नाहीत.

चौथं चाक आवळत होतो तेव्हा धाकटा बाहेर आला. त्याने टायरवरचा शिक्का वाचला. रिमोल्ड. मग गोदामात जाऊन मोजून आला. चार नवे कमी.

"तू नवे देऊन जुने आणलेस?" 

मी हो म्हटलं.

"काढ ते."

"नाही काढणार."

सतरा वर्षांत मी त्या अंगणात हे शब्द पहिल्यांदा बोललो. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नसते, नाही हा शब्द जात्याच जड असतो. त्याला सांगितलं की काढायचे तर तुम्ही काढा, पहार ही इथे आहे. उद्या दुपारी तिथे पेशंटला टेबलावर घ्यायला धुतलेला कपडा नसेल तेव्हा त्यांना तुमचा कॅटलॉग अंथरायला द्या. अंगणातली सगळी माणसं काम थांबवून बघत होती. धाकट्याचे कान लाल झाले होते, थंडीने की कशाने कोण जाणे. मग तो म्हणाला, ठीक आहे. ही लॉरी उद्या डोंगर ओलांडून परत आली तर तू राहशील. नाही आली तर सोमवारी येऊ नकोस. आणि उद्या पहाटे सहाला तू इथे हजर पाहिजेस, चाक फिरलं तर निस्तरायला.

इथे मी गोष्टीत नेहमी जरा थांबतो. सांदणाचा एक तुकडा खातो. मझल मधेच येऊन बसली होती, ती ह्या जागेला नेहमी उठून स्वयंपाकघरात जाते, तशी ह्याही वेळेला उठली. पण दारापर्यंत जाऊन थांबली.

"मग?" शशिधरने विचारलं. "तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हटलं, साहेब, नुसता हजर कसला? मी लॉरीतच बसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी मोहनच्या शेजारी चढून बसलो. गुडघ्यावर घोंगडी, मांडीवर मझलने दिलेला डबा. पहिला चढ आला. मोहनने मारुतीचं नाव घेतलं, मी नबींचं; दोन्ही बाजूंनी बंदोबस्त. चाकांनी बर्फ धरला. कसा धरला? लहान मूल आईचा पदर धरतं तसा. लॉरी चढायला लागली. वाटेत मोटारी आडव्यातिडव्या सोडून दिलेल्या, त्यांची फक्त टपं दिसत होती. बर्फ ढकलणारा नांगर रस्त्याच्या कडेला अडकला होता, त्याचा ड्रायव्हर आम्हाला बघून आमच्यामागून यायला लागला. सरकारी नांगराला वाट करून देणारी जगातली पहिली धुलाईची लॉरी.

माथ्यावर तर काही दिसेना. वर पांढरं, खाली पांढरं. थंडी एवढी की मोहनने दिलेली शिवी तोंडातून निघून समोरच्या काचेवर गोठली, ती आम्ही उतारावर पोचल्यावर ऐकू आली. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारा उभा. पांढरी दाढी, हातात काठी, अंगावर पोतं. त्याने काठीने डावीकडे दाखवलं. आम्ही डावीकडे घेतलं, आणि उजवीकडे बघितलं तर दरी. मोहन म्हणतो तो मेंढपाळ होता. मी काही म्हणत नाही. पण मी आरशात मागे बघितलं तेव्हा तो म्हातारा वाकून आमच्या चाकांचा ठसा निरखत होता. चाकांच्या ठशात एवढं लक्ष घालणारा मेंढपाळ मी तरी बघितलेला नाही. आणि आमच्या त्या ठशांवर पाय ठेवत ठेवत त्याच्यामागे दोनशे मेंढ्या.

"एकशेवीस," मझल म्हणाली. "गेल्या दिवाळीला मोहनच्या बायकोसमोर एकशेवीस होत्या."

वाढल्या असतील, मी म्हटलं. मेंढ्या वाढतात.

साडेनऊला इस्पितळ. सर्जन हात धुऊन, हात वर धरून दारात उभा. मेट्रनने गाठोडं उघडून झगा स्वतः त्याच्या अंगात चढवला. परतीचं ओझं कसलं? वापरलेल्या, ओल्या, जड चादरी. आता लॉरीच्या बुडाला वजन आलं, आता उताराची भीती. पण त्या बारीक चिरा उतारावर कामाला येतात. प्रत्येक चीर जरा उघडते आणि बर्फाला चावते. आम्ही मुंगीच्या पावलाने उतरलो. त्या ठशांचं सांगायचं तर एप्रिलमध्ये बर्फ वितळला तरी खालच्या डांबरावर ते दिसत होते. कौन्सिलची माणसं मोजमाप घेऊन गेली. मोहनला विचारा. तो हल्ली साउथहॅम्प्टनला कंटेनर ओढतो, त्याचा फोन नंबर माझ्याकडे नाही, नाहीतर आत्ता लावून दिला असता.

अंगणात शिरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सगळी माणसं बाहेर आली. धाकटा स्वतः खोलीतून उतरून बर्फातून चालत आला. मी दार उघडून खाली उतरलो. त्याने हातमोजा काढला, उघडा हात पुढे केला आणि म्हणाला, झकेरिया, आजपासून ह्या अंगणात कुठलं चाक लावायचं ते तू सांगायचंस.

मी थांबलो. गोष्ट इथे संपते. शशिधरने कप खाली ठेवला. त्याला गोष्ट फार आवडली होती, चेहऱ्यावरून दिसत होतं. मग तो म्हणाला, "ग्रेट. म्हणजे लेसन काय, काका, तर शेवटी बॉस म्हणाला तसं तुम्ही हजर राहिलात, म्हणून सगळं सॉर्ट आउट झालं. मीपण तेच करतोय. नवीन जागी माझा कन्सल्टंट म्हणतोय, पेशंटच्या नोट्समध्ये एक गोष्ट तू लिहू नकोस. मला पटत नाही, पण म्हटलं, सुरुवातीलाच कशाला. जाऊ दे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. काय सांगू, तेच सोपं होतं.

मझल दारातून आत आली आणि खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत ती ह्या गोष्टीच्या ह्या टोकाला कधी खोलीत नसते.

"हे नव्हते त्या लॉरीत," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही, शशिधरला सांगितलं. "शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी काय असतं? शनिवारी हे बसमध्ये चढत नाहीत, लॉरी कुठली? साहेबाने सहाला ये म्हटलं, ह्यांनी सांगितलं, उद्या शनिवार, मी येणार नाही. हात धुतले आणि चालत घरी आले. बोट सुजून एवढं झालेलं."

शशिधर माझ्याकडे बघायला लागला. मी हीटरकडे बघत होतो.

"दुसऱ्या दिवशी राहवेना. चालतच गेले, साडेचार मैल, त्या बर्फातून. आत नाही गेले. आत पाय टाकला तर कामावर आल्यासारखं होईल म्हणून गेटच्या बाहेर उभे. मी काही एवढं पाळत नाही, मी दुपारी डबा घेऊन पोचले, तर टोपीवर चार बोटं बर्फ. तीनला लॉरी आली. मोहन खाली उतरून रडला. साहेबाने वरून बघितलं आणि खिडकीचा पडदा ओढला. सोमवारी ह्यांच्या हातात कागद. शनिवारी गैरहजर, म्हणून काढलं. टायरबद्दल एक अक्षर नाही. टायर झिजेपर्यंत त्याच लॉरीवर होते."

मी म्हणणार होतो की मेंढ्या तरी खऱ्या होत्या. पण तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आणि ती लॉरी गेटात वळताना ह्यांच्या अगदी पुढ्यात थांबली," मझल म्हणाली. "हे वाकले. मला वाटलं, आता नख दाबून बघतील. नाही. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि नुसते बघत राहिले. हात नाही लावला, शशिधर. शनिवार होता ना."